नाकेदाराचं पागोटं

दोन संस्थानांच्या सरहद्दीवरचा नाकेदार भुजंगराव आपल्याच नियमावर भारी खूश होता. गाडीत काय भरलंय त्याची वर्दी आदल्या दिवशी नाक्यावर द्यायची. वर्दीबाहेरचं काही सापडलं, की ते, गाडी आणि गाडीवाला, सगळं कोठीत बंद. राजधानीतून हुकूम येईपर्यंत! आणि हुकूम यायचा गोगलगाईच्या पावलांनी.

चंद्रव्वा तांबोळीण पलीकडच्या लग्नासाठी विड्याची पानं घेऊन आली. वर्दी दिली होती, नुसती पानं. भुजंगराव कमरेची तलवार सावरत सवयीने गाडीत चढला, करंडीवर फतकल मारून बसला, एक कोवळं पान तोंडात टाकलं आणि पेंढ्यात हात घातला. हाती लागला अडकित्ता!

"हे हत्यार वर्दीत कुठंय?"

"रावसाहेब, सुपारी कातरायचा हो तो! उद्यापर्यंत पानं काळी पडतील. मग मला कोण लग्नाची पानं सांगेल?"

"वर्दीत नाही ते कोठीत! मग ते काही का असेना."

चंद्रव्वा कोठीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपायाकडे वळली. "ऐकलंस ना दादा? काढ किल्ल्या. माझ्या वर्दीत तलवार नव्हती, अन् तलवार लावलेले नाकेदारही नव्हते. दोन्ही गाडीत सापडलेत. बसू सगळे कोठीत. विड्याची चिंता नको, पानं आहेत, अडकित्ताही आहे!"

मागचे गाडीवाले खो खो हसले. शिपाई बिचारा नियमाचा पक्का. त्याने खरंच किल्ल्या काढल्या. भुजंगरावाने अशी उडी ठोकली, की पागोटं गाडीतच राहिलं.

"जा बाई, जा एकदाची!"

"जाते की. पण हे पागोटं आधी उचला. पुढच्या नाक्यावर मी त्याची वर्दी दिलेली नाही."