करकोचेबुवांची तपासणी

माणसांनी आकाशात ड्रोन सोडायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. युरोपातल्या एका बंदरावर म्हातारा करकोचा तपासल्याशिवाय कुठल्याच ड्रोनला उडू देत नसे.

एकदा एक छोटा ड्रोन समोरच्या बेटावर औषध घेऊन निघाला. करकोच्याने त्याला अडवलं. "तुझ्या पात्याला तडा गेलाय."

"केसाएवढा तर आहे! तिकडे बेटावर एक पोरगी तापाने फणफणलीय, बुवा."

"आणि वाटेत खाली धक्क्यावर बाजार भरलाय. पातं तुटलं तर कुणाच्या डोक्यावर पडशील?"

ड्रोनने चिडून पिशवी खाली ठेवली. करकोच्याने औषधाची पिशवी चोचीत धरली आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात स्वतःच झेप घेतली.

तो परतला तेव्हा त्याचे पंख थरथरत होते. "पोरगी वाचेल," तो म्हणाला.

ड्रोन हळूच पुढे सरकला. "बुवा, मला पुन्हा नीट तपासा. अजून काही राहिलंय का?"