भाऊसाहेबांनी दडवलेली बातमी

एका उजाड माळावर भिवरे रोड नावाचे गाव होते. खरे भिवरे तिथून बरेच आत, नदीकाठी. माळावरचे हे गाव रेल्वेने वसवलेले. वाफेच्या इंजिनांना वाटेत पाणी लागे, म्हणून रेल्वेने तिथे तलाव बांधला, इंजिनांची शेड उभारली आणि फिटर, खलाशी, कोळसेवाले आणून ठेवले. त्यांच्या मागोमाग न्हावी आला, शिंपी आला, वाणी आला. शाळा झाली, दवाखाना झाला, मारुतीचे देऊळ आणि मशीद झाली. पुढे नगरपालिकाही झाली. शेडचा भोंगा वाजला की मुले शाळेला निघत आणि बायका चुलीवर तवा ठेवत.

गावचे नगराध्यक्ष होते भाऊसाहेब सोनटक्के. त्यांचे कापडाचे दुकान होते. माणूस भला. कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांत आधी ते पोचत. फक्त एक गोष्ट त्यांना जमत नसे. कुणाला वाईट बातमी सांगायची म्हटले की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

एकदा रेल्वेचे एक मोठे साहेब शेड पाहायला आले. त्यांची आणि भाऊसाहेबांची जुनी ओळख होती. निघताना त्यांनी भाऊसाहेबांना फलाटाच्या टोकाला नेले.

"सोनटक्के, आता डिझेलची इंजिनं येणार. त्यांना पाणी लागत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही शेड बंद होईल. कामगारांना नोटीस उशिरा लागेल, पण तुम्ही गावाला आत्ताच सांगून ठेवा."

गाडी गेली. भाऊसाहेब एकटेच दुकानावर परत आले.

आज सांगितले तर उद्या अर्धे गाव सामान बांधेल, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी ठरवले, दसरा होऊ दे. दसरा झाला. मग वाटले, दिवाळीच्या तोंडावर कशाला? दिवाळीही गेली. भाऊसाहेबांना अन्न गोड लागेना. कुणी दुकानाची पायरी चढला की यालाही कळले की काय, असे त्यांना वाटे. भोंगा वाजायला जरा उशीर झाला की मापाची पट्टी हातातच राही. घरची माणसे विचारत, "तब्येत बरी नाही का?" ते म्हणत, "काही नाही."

पुढे एके सकाळी एक निराळेच इंजिन स्टेशनातून गेले. त्यातून वाफ निघत नव्हती. ते पाण्याला थांबलेही नाही. गावात कुजबुज सुरू झाली.

स्टेशनासमोर चांदभाईंचे हॉटेल होते. हॉटेलावर माडी चढवायची म्हणून त्यांनी आपल्या म्हशी नुकत्याच विकल्या होत्या. ते भाऊसाहेबांकडे आले.

"भाऊसाहेब, लोक काहीबाही बोलतात. माझ्या विटा उद्या येणार. थांबवू का?"

भाऊसाहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "चाचणी असेल ती," ते म्हणाले. "अफवांवर जाऊ नका."

चांदभाई हसत परत गेले. दुसऱ्या दिवशी विटा आल्या. त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी स्टेशनाच्या रस्त्याने जाणेच सोडले. बाजारातून वळसा घालून ते नगरपालिकेत जाऊ लागले. तरी थापीचा आवाज त्यांच्या कानावर येईच.

माडी पुरी झाली. मग एका दुपारी गुणाबाई तायडे दुकानात आल्या. शेडमधल्या कामगारांना जेवण घालून या विधवा बाईने दोन मुली वाढवल्या होत्या.

"भाऊसाहेब, तलावाखालचा माझा जमिनीचा तुकडा विकतेय. खानावळीला मोठी खोली काढीन म्हणते. उद्या खरेदीखत आहे. पण ते बिनवाफेचं इंजिन पाहिल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा. तुमच्या शब्दावर मी खोली बांधीन."

भाऊसाहेबांच्या तोंडावर 'हो' आले होते. ते म्हणायला फार सोपे होते. पण बाईने आपल्या मुलींचे सगळे त्यांच्या एका शब्दावर ठेवले होते.

"नका विकू, गुणाबाई," ते म्हणाले. "शेड बंद होणार आहे."

गुणाबाई खालीच बसल्या. त्यांनी विचारले, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"आणि चांदभाईंना तुम्ही काय सांगितलंत?"

"चाचणी असेल, म्हणालो." गुणाबाई उठल्या. "मला सांगितलंत तसं आता गावाला सांगा. मी सांगितलं तर ती अफवा होईल."

त्याच संध्याकाळी भाऊसाहेबांनी बाजाराच्या चौकात लोकांना बोलावले आणि सारे सांगितले. बातमी केव्हा कळली, तेही लपवले नाही. मग आरडाओरडा सुरू झाला. कुणी चप्पल फेकली. बायका रडू लागल्या. "आम्हाला भीती वाटेल म्हणून गप्प बसलात?" एक म्हातारा फिटर म्हणाला. "भीती तर आम्हाला वाटतच होती. फक्त कशाची, ते कळत नव्हतं."

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. लोकांनी तो घेतला.

काही कुटुंबे गाव सोडून गेली. पण पावसाळ्याला अजून अवकाश होता, आणि उरलेली माणसे रोज चौकात जमू लागली. गुणाबाईंनी विचारले, "इंजिनांना पाणी नको असेल, तर तो तलाव कुणाचा?" मग गावाने रेल्वेकडे तलाव मागितला. खूप खेटे घालावे लागले. भाऊसाहेब आता कुणीच नव्हते, तरी साहेबांच्या ओळखीमुळे प्रत्येक खेपेला तेही बरोबर जात. शेवटी तलाव गावाला मिळाला. फिटरांनी पाट काढले. शेड बंद झाली त्या वर्षी माळावर पहिल्यांदा भाजी पिकली. गाव लहान झाले, पण उठले नाही.

चांदभाईंची माडी मात्र रिकामीच राहिली. गाड्या थांबेनाशा झाल्या आणि हॉटेलही बंद पडले. भाऊसाहेब त्यांच्याकडे माफी मागायला गेले. चांदभाईंनी त्यांना बसवले, चहा दिला आणि म्हणाले, "शेड तुम्ही बंद केली नाहीत, भाऊसाहेब. पण माझ्या विटा तुम्ही थांबवू शकला असता."

भाऊसाहेब पुढे पुष्कळ वर्षे जगले, पण या बोलण्याला उत्तर त्यांना सापडले नाही.

तात्पर्य: वाईट बातमी दडवणाऱ्याला वाटते की तो दुसऱ्यावर दया करतो आहे, खरे तर तो स्वतःलाच वाचवत असतो. संकट टाळणे आपल्या हाती नसले, तरी वेळेवर सांगणे आपल्या हाती असते.