पागोट्याची खुंटी

समुद्रापासून लांब, घाटाच्या वर एक गाव होतं. तिथले पुरुष खाली मिठागरात कामाला जायचे आणि बायका घरी वाट बघायच्या. त्यातल्याच एका बाईचा नवरा दोन वर्षं आला नव्हता.

लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. नवऱ्याचं नाव एरवी तोंडाने घ्यायचं नाही. म्हणून वर्षातून एकदा मीठवाला बैल घेऊन आला, की बायका त्याला आपापला उखाणा सांगायच्या. तो पाठ करायचा आणि खाली जाऊन ज्याच्या त्याच्या कानावर घालायचा. तोच निरोप.

त्या वर्षी तिने विचारलं, "दादा, हे का नाही आले?"

"राग मानू नका वहिनी. मागच्या खेपेला तुमचा उखाणा सांगितला, तर सुभानराव म्हणाले, हाच आत्ता तिघांना सांगितलास. चांदीचं ताट, गुलाबाचं फूल, नाव तेवढं बदललं. घरी माझी आठवण कुणाला असेलसं वाटत नाही. आणि राहिले तिथेच."

तिचं तोंड उतरलं. तो उखाणा शेजारच्या काकूंनी दिलेला. त्या सगळ्यांनाच द्यायच्या.

ती काकूंकडे गेली. "नवा द्या ना काकू. मला नाही सुचत. माझं डोकं तेवढं नाही."

"मला तेवढाच येतो बाई. तुझ्या घरात चांदीचं ताट आहे का गं?"

"नाही."

"गुलाब?"

"शेळी शिल्लक ठेवते होय!"

"मग काय आहे ते बघ जा. मी काय तुझ्या घरात राहते?"

ती घरी येऊन उंबऱ्यात बसली. आधी चंद्र आठवला, मग मोगरा. ते सगळं ऐकलेलंच. मग तिने नुसतं बघितलं. चूल. फुटका रांजण. दाराआड नवऱ्याची पागोट्याची खुंटी. तिकडे ती इतके दिवस बघायचंच टाळायची. आज बघितलं, तर तिथे काड्या, कापूस आणि एक चिमणी.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. आता हे आले तर काय करायचं, असं मनात येता येता उखाणा झालाच.

सकाळी तिने तो सगळ्यांसमोर अडखळत सांगितला:

"पागोट्याच्या खुंटीवर चिमणीनं केलं घर,
सुभानराव आले की ठेवू पागोटं कशावर?"

बायका हसल्या. "ना ताट, ना फूल. हा कसला उखाणा?"

ती घाबरली. काकूंचाच सांगावा का? मीठवाला थांबला होता.

"हाच सांगा, दादा," ती म्हणाली.

मिठागरात सुभानरावांनी तो ऐकला आणि विचारलं, "दाराआडची खुंटी?"

"मला काय ठाऊक?"

"दाराआडचीच," ते म्हणाले आणि हातातलं फावडं ठेवून बोचकं बांधायला लागले.

ते घरी आले त्या दिवशी बायका तिच्याकडे जमल्या. "आम्हालाही दे ना तो उखाणा."

"देईन की. पण तुमच्या घरात चिमणी कुठे आहे?"

एकेक जण उठून घरी गेली. त्या संध्याकाळी गावात दिवे लागायला उशीर झाला. ज्या त्या दारात एक बाई उभी राहून आपलंच घर बघत होती.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: नवीन सुचायला वेगळं डोकं लागत नाही. मन जिथे ओढ घेतं तिकडे न घाबरता नीट बघावं, आणि दिसेल ते आपल्या शब्दांत सांगावं.