कालिंदीचा नवा तारा

फार पूर्वी, पंचांगं ताडपत्रावर लिहीत त्या काळी, एका डोंगरी राज्यात एक मोठी वेधशाळा बांधून झाली. दसऱ्याला तिचं दार उघडायचं होतं. दारावरच्या शिळेवर विश्व कसं झालं ते एका ओळीत कोरावं आणि पुढच्या पिढ्यांना तेच शिकवावं, असं राणीच्या मनात होतं.

पण विश्व कसं झालं याबद्दल राज्यातल्या तीन विद्वानांची तीन मतं होती.

पंडित वामदेव म्हणत, "विश्व मोहरीएवढ्या एका कणातून फुटलं आणि तेव्हापासून पसरतंच आहे."

पंडित सुमंत म्हणत, "विश्व श्वास घेतं. फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. असं कितीदा झालं त्याला गणती नाही."

तिसरी होती आचार्या कालिंदी. वय सत्तरीचं, नजर मात्र घारीची. चाळीस वर्षं राबून तिनं आकाशातला डोळ्यांना दिसणारा प्रत्येक तारा एका लांबरुंद कापडी पटावर उतरवला होता. ती म्हणे, "विश्वाला आरंभ नाही, शेवट नाही आणि बदलही नाही. आज आहे तसंच ते कायम होतं."

राणीनं तिघांना बोलावलं. वाद ऐकून ती थकली नाही, पण तिला निवाडाही करता येईना. शेवटी तिनं एकच प्रश्न विचारला.

"तुमचं म्हणणं खोटं ठरायचं असेल, तर आकाशात काय दिसावं लागेल?"

वामदेव म्हणाले, "ते खोटं ठरणारच नाही, राणीसाहेब."

सुमंत म्हणाले, "काहीही दिसलं तरी माझंच खरं. पसरलं तर तो श्वास, आकसलं तर तो उच्छ्वास."

कालिंदी म्हणाली, "एक नवा तारा. माझ्या पटावर नसलेला एक तारा जरी उगवला, तरी माझं मत चुकलं असं समजावं."

राणीला हे उत्तर आवडलं. कालिंदीचं मत शिळेवर कोरायचं आणि वेधशाळा तिच्याच हाती द्यायची, असं ठरलं. बाकीच्या दोघांनी गाशा गुंडाळायला घेतला.

दसरा सात दिवसांवर आला होता. पहाटे कालिंदी नेहमीसारखी गच्चीवर गेली. रोहिणी नक्षत्र पश्चिमेला कललं होतं आणि त्याच्या शेजारी एक पांढराशुभ्र ठिपका लखलखत होता. तिनं पट उलगडला. त्या जागी कापड कोरं होतं.

तिची शिष्या रेवा वीस वर्षं तिच्याबरोबर होती. ती म्हणाली, "गुरू असेल, बाई. नाहीतर दुसरा एखादा ग्रह."

"ग्रह असेल तर सरकेल," कालिंदी म्हणाली. "बघू या."

शेजारच्या दोन ताऱ्यांना जोडेल असा दोरा डोळ्यांसमोर ताणून तिनं त्या ठिपक्याची जागा टिपली. दुसऱ्या पहाटे पुन्हा टिपली, तिसऱ्या पहाटेही. तो केसभरही हलला नव्हता. उलट आणखी तेजस्वी झाला होता. सूर्य उगवला, पाखरं उडाली, तरी तो निळ्या आकाशात दिसतच होता.

रेवाचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "बाई, लोक याला एखादा ग्रहच समजतील. हा नवा आहे हे कळायला तुमचा पट लागतो, आणि पट आपल्यापाशी आहे. चार दिवस गप्प राहू. शिळा एकदा कोरून झाली की मग सांगा."

कालिंदीनं पदरानं तोंड झाकलं. रेवाला वाटलं, बाई रडताहेत. पण जवळ जाऊन पाहिलं, तर बाई हसत होत्या.

"अगं, चाळीस वर्षं मी तेच ते तारे मोजले," ती म्हणाली. "आणि आज आकाशानं मला काहीतरी नवं दाखवलं. हे मी पोटात कसं ठेवू? चल, पट गुंडाळ."

सत्तरीची ती बाई डोंगर उतरून जवळजवळ धावतच राजवाड्यात पोचली. राणी नुकतीच उठली होती. कालिंदीनं तिला अंगणात नेलं, बोटानं तारा दाखवला, पट उलगडून कोरी जागा दाखवली.

"राणीसाहेब, माझं चुकलं. आकाश बदलतं."

राणीनं विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, पहाट लवकर का होत नाही? आता तर मला एकच कळायचंय. हा आला कुठून?"

बातमी ऐकून दोघे पंडित लगबगीनं दरबारात आले. वामदेव म्हणाले, "म्हणजे माझंच खरं ठरलं. कोरा माझं मत."

"नाही, पंडितजी," कालिंदी शांतपणे म्हणाली. "या ताऱ्यानं मला खोटं पाडलं. तुम्हाला खरं नाही ठरवलं. त्यासाठी वेगळा पुरावा लागेल."

दरबारात कुजबुज झाली. राणी उठून उभी राहिली.

"शिळेवर काहीही कोरायचं नाही," ती म्हणाली. "वेधशाळा मात्र कालिंदीबाईंच्याच हाती राहील. ज्या बाईनं स्वतःविरुद्ध साक्ष दिली, तिच्या नोंदीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. आणि तुम्ही दोघंही कुठं जायचं नाही. इथंच राहून शोध घ्या."

तारा महिनाभर दिवसाउजेडी दिसला. मग पिवळा झाला, पुढे तांबूस, आणि रोज थोडा थोडा मंदावत गेला. सगळं गाव पहाटे गच्चीवर गर्दी करू लागलं. गुराख्यांपासून सोनारांपर्यंत सगळे आकाशाबद्दल वाद घालू लागले.

एका पहाटे वामदेव गच्चीवर आले. कठड्यापाशी उभं राहून त्यांनी तो मंदावलेला तारा पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारू? माझं मत चुकीचं असेल, तर ते मला कशावरून कळेल?"

कालिंदीनं आपल्या चटईवर थोडं सरकून त्यांना जागा दिली.

"बसा," ती म्हणाली. "आता आपण खरं काम सुरू करू."

तात्पर्य: आपलं मत जिंकावं म्हणून जो सत्य झाकतो, त्याचं शिकणं तिथंच थांबतं, आणि आपली चूक दिसल्यावर जो आनंदानं ती सांगतो, त्याच्यासाठी विश्व रोज नवं होतं.