बाबालाल मिस्त्री आणि पेट्रोलचा दोष

बाजारपेठेच्या एका गावात बाबालाल नावाचा मिस्त्री राहत होता. एस.टी. स्टँडसमोर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्याच्या हाताला गुण होता. गाडी ढकलत आणणारा माणूस तिच्यावर बसून घरी जाई. मिस्त्री म्हणाला टायर बदला, की लोक टायर बदलत. दुसऱ्या कुणाला विचारायला जात नसत.

त्या वर्षी पेट्रोलच्या भावानं सगळ्यांना जेरीस आणलं होतं. भाव उतरायचे ते पैशांनी आणि चढायचे ते रुपयांनी. त्यातच लोकांना कळलं, की पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात आणि ते उसापासून निघतं. मग काय! गॅरेजपुढच्या बाकावर रोज सभा भरू लागली.

रिक्षावाला दादू खोत म्हणे, "भाव पेट्रोलचा घ्यायचा आणि आत उसाचा रस घालायचा! माझी रिक्षा म्हणजे काय रसवंती आहे?"

वसंत मगदूमचा स्वतःचा ऊस होता. तो मोटरसायकलला टेकून म्हणे, "त्या रसानंच उसाला बरे दिवस आलेत, दादू. रिक्षा तुझी म्हातारी झाली, तिला पेट्रोल तरी काय करणार?"

मग दोघंही आत डोकावत. "मिस्त्री, तुम्हीच काय ते सांगा!"

बाबालाल नुसता हसायचा. पण एकदा एका गाडीचा दोष त्याला काही केल्या सापडेना. गिऱ्हाईक खोळंबून बसलं होतं. बाबालाल बोलून गेला, "पेट्रोलच तसलं येतंय हो. इंजिन बिचारं काय करील?" गिऱ्हाईकानं पेट्रोलला दोन शिव्या हासडल्या आणि मुकाट्यानं गाडी घेऊन गेलं. ना वाद, ना तक्रार. बाबालालला हे बरं वाटलं. तेव्हापासून दोष सापडला तर सापडला, नाहीतर पेट्रोल होतंच.

अशात एक दिवस आरोग्य केंद्रातल्या लोहार सिस्टर स्कूटर घेऊन आल्या. डोंगरावरच्या धनगरवस्तीवर त्या दर आठवड्याला जात. पोरांना लस टोचायची, बाळंतिणींची विचारपूस करायची, हे काम गेली नऊ वर्षं त्यांच्याकडे होतं. स्कूटर गावात नीट चाले. मात्र लांब गेली की वाटेत बंद पडे आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू होई.

बाबालालनं प्लग पुसला, कार्बोरेटर साफ केला, स्टँडला दोन फेऱ्या मारल्या. गाडी सुरळीत चालली. त्याला काही उमगेना. तो म्हणाला, "सिस्टर, हा पेट्रोलचा प्रताप आहे. गावात फिरवा, पण लांब नेऊ नका. घाटात अडकलात तर पंचाईत व्हायची."

सिस्टरनी मान डोलावली. मिस्त्रीच म्हणतोय म्हटल्यावर पुढं बोलणंच खुंटलं.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. "मिस्त्री, हिला गिऱ्हाईक बघा. डोंगरावर येत नाही ती गाडी ठेवून मी काय करू?"

"मग वस्तीवर जाता कशा?"

"चालत. लशीची पेटी खांद्याला अडकवते नि निघते. उन्हाच्या आत पोचायचं म्हणजे झालं."

बाबालालनं त्यांना थांबायला सांगितलं. विकायची गाडी एकदा लांब पळवून बघावी, म्हणून तो स्वतःच तिच्यावर बसला आणि डोंगराच्या वाटेला लागला. घाटाचं दुसरं वळण आलं आणि गाडी बंद पडली. त्यानं किक मारून पाहिली. नाही. पेट्रोल आहे की नाही बघावं, म्हणून त्यानं टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हवा शिरल्याचा 'फुस्स' असा आवाज झाला. त्यानं झाकण लावून किक मारली. गाडी एका दमात सुरू!

बाबालाल जागच्या जागी उभा राहिला. त्यानं झाकण उलटं करून पाहिलं. टाकीत हवा जायला त्याला एक बारीक भोक असतं. ते मातीनं गच्च बुजलं होतं. हवा नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. इथेनॉलचा इथं काडीचाही संबंध नव्हता. त्यानं बाभळीचा एक काटा मोडला आणि भोक मोकळं केलं. सगळं काम मिनिटभराचं होतं.

शेळ्या राखणारी एक म्हातारी जवळ आली. "सिस्टरबाईंची गाडी न्हवं ही? बरी झाली का? परवा आल्या तवा पाय सुजलं हुतं बाईचं. माझ्या सुनंनं कोमट पाणी दिलं शेकायला."

बाबालालनं गाडी वळवली. परतीच्या वाटेवर त्याच्या मनात एक विचार डोकावला. काटा कुणी पाहिला नव्हता. 'इंजिन खोललं, मोठी खटपट केली' म्हणालो, तर सिस्टर वर आभारच मानतील. बाकावर सभा भरलेली असणार. तिथं खरं सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांची पत आपल्या हातानं घालवायची.

गॅरेजपुढं सिस्टर उभ्या होत्या. बाकावर दादू नि वसंत होते. बाबालालनं गाडी लावली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सिस्टर, गाडी विकू नका. झाकणाचं भोक बुजलं होतं, एवढंच. मला दोष सापडला नाही, म्हणून मी पेट्रोलचं नाव घेतलं. चूक माझी आहे."

सिस्टरनी झाकण फिरवून भोक पाहिलं.

"दोन महिने चालले मी, मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या.

बाबालालनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "आज सांगितलंत म्हणून माझी गाडी तरी राहिली." त्या स्कूटरवर बसल्या आणि थेट डोंगराच्या वाटेनं गेल्या.

वसंत टाळी देत ओरडला, "बघ दादू! पेट्रोल चांगलंच आहे!"

"तेही मी म्हटलं नाही," बाबालाल म्हणाला. "ज्यांना ज्यांना मी पेट्रोल सांगितलं, त्या सगळ्यांनी गाड्या परत आणा. मजुरी नको. नीट बघतो आणि मग बोलतो."

आठवडाभर तो तेच करत होता. दादूच्या रिक्षातली पेट्रोलची रबरी नळी खरोखरच फुगून मऊ पडली होती. "ही तक्रार खरी आहे. जुन्या नळीला हे पेट्रोल सोसत नाही," असं सांगून त्यानं नवी नळी घातली. वसंतची मोटरसायकल पेट्रोल जास्त पीत होती. बाबालाल म्हणाला, "थोडा फरक पेट्रोलचा असेल, पण मोठा तुमच्या ब्रेकचा आहे. तो चाकाला घासतोय." एका गाडीपाशी मात्र तो दोन दिवस बसला आणि शेवटी म्हणाला, "हिचं मला कळत नाही. तालुक्याला दाखवा."

काही गिऱ्हाइकं तुटली. ज्याला स्वतःलाच कळत नाही, त्याच्याकडे कशाला जायचं, असं ती म्हणाली. पण दिवाळीपर्यंत आसपासच्या चार गावांतून माणसं येऊ लागली. पेट्रोलचे भाव चढतच राहिले, वाद रंगतच राहिले. बाबालालला त्याचा त्रास नव्हता. दुपारी डबा उघडून तो सुखानं जेवी आणि हात धुऊन पुढची गाडी खोलायला घेई.

तात्पर्य: आपल्या न कळण्याचं खापर दुसऱ्याच्या माथी फोडू नये, नीट पाहून बोलावं आणि चुकलं तर आपल्याच तोंडानं कबूल करावं.