नारोशेटांचं तेच पाणी

"माझ्या टाकीतलं जे पाणी तू फुकट सांडलंस, तेच मला परत आणून दे. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर दंडावरचा बिल्ला काढून ठेव!" खारबंदरच्या नारोशेटांनी हुकूम सोडला आणि बंबवाला सटवाजी खाली मान घालून घरी आला.

नारोशेटांची आगविम्याची पेढी होती. हप्ता भरणाऱ्याच्या दारावर पेढीची तांब्याची पाटी लागे. आग लागली की दंडावर चांदीचे बिल्ले बांधून शेटजींचे बंबवाले धावत. आधी पाटी बघायची, मग पाणी मारायचं, हा नियम. पाटी नसली तर हाताची घडी घालून आग बघत उभं राहायचं. त्यामुळे बिल्ले कसे लखलखीत असत! काथ्या वळणाऱ्या म्हातारीची झोपडी पेटली तेव्हा सटवाजीला पाटी शोधायचं सुचलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

बिल्ला गेला की घरची चूल विझणार होती. पण त्याची बायको गोजरा रडत बसणाऱ्यांतली नव्हती.

"विहिरीचं पाणी चालेल का, विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, तेच पाहिजे."

"मग तेच देऊ. म्हातारीच्या शेजारी कोण आहे हो?"

"शेटजींचीच कापसाची वखार."

"तिच्यावर पाटी आहे?"

सटवाजीला तशातही हसू आलं. "स्वतःच्या मालाचा हप्ता स्वतःला कोण भरतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरा पेटती शेगडी घेऊन त्या अर्ध्या जळक्या झोपडीत जाऊन बसली आणि निखारे फुंकू लागली. वारा समुद्राकडून वखारीकडे वाहत होता. ते कळताच शेटजींनी माणसं पिटाळली. त्यांनी गोजराला शेगडीसकट दरबारात महाराजांपुढे उभं केलं.

"महाराज, ही बाई माझी वखार जाळायला निघाली होती!"

"नाही महाराज," गोजरा म्हणाली, "मी शेटजींचं पाणी परत आणायला गेले होते. ते आगीनं पिऊन टाकलंय. जो प्याला त्याच्याकडेच मागायला हवं ना? म्हणून आगीला परत बोलावत होते."

"आणि ती वखारीत शिरली असती तर?" महाराजांनी विचारलं.

"तर शेटजींचे बंबवाले आले असते, दाराकडे बघितलं असतं आणि हाताची घडी घालून उभे राहिले असते. वखारीवर पाटीच नाही, महाराज. नियम शेटजींचाच आहे."

"अगं, पण बंब माझा आहे!" शेटजी ओरडले.

"हप्ता भरलाय का?" गोजरानं शांतपणे विचारलं.

दरबारात खसखस पिकली. महाराज ओठ दाबून म्हणाले, "बोला नारोशेट, पाणी परत हवंय का?"

शेटजींनी एकदा शेगडीकडे पाहिलं. "नको, महाराज."

तेव्हा मात्र महाराज इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. सटवाजीचा बिल्ला दंडावरच राहिला. म्हातारीचं छप्पर शेटजींनी शाकारून द्यावं असं ठरलं, आणि गोजराला महाराजांनी चांदीचे तोडे दिले. नारोशेटांनी त्याच संध्याकाळी वखारीवर पाटी ठोकून घेतली. हप्ता ठरवताना त्यांनी स्वतःशीच बराच वेळ घासाघीस केली म्हणतात.