दोरी ओवलेला बूट

"पण पाचांतला तो एक कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे की नाही?" तांगीनं विचारलं.

कातेलबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण एक?"

"ज्याला भाषा येत नाही तो."

ही हकीकत ब्रिटनीतली. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला हा मुलूख. तिथली जुनी भाषा ब्रेटन, आणि ती घरात बोलणारी माणसं आता म्हातारी झालेली. कातेलबाईंनी गावातल्या पाच तरुणांना धरून त्या भाषेतली नाचाची गाणी शिकवली होती. वाद्य नाही, नुसते गळे. पाचांत तांगी हुशार. ब्रेटन भाषेची पदवी त्यानं पहिल्या वर्गात मिळवली होती, आणि हे ज्याला माहीत नाही असं एकही घर त्यानं गावात शिल्लक ठेवलं नव्हतं.

गेल्या शनिवारी शेजारच्या गावात त्यांचं गाणं झालं. संपल्यावर एक म्हातारा तांगीच्या कानाशी आला.

"पाचांत एकाला आपण काय गातोय ते कळत नाही," तो म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला. नाव सांगितलं नाही.

झालं. तांगीची झोप उडाली. तो चौघांच्या ओठांकडे टक लावून बघू लागला. रोझेन शब्द गिळते का? लोईक डोळे मिटून गातो, ते कशासाठी? आता तर त्याला बाईंचाही संशय येत होता.

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय," तो म्हणाला.

"असेल."

"रविवारी मेळा आहे. रेडिओवाले येणार, प्रत्येकाला ब्रेटनमध्ये चार शब्द बोलायला लावणार. सगळ्यांसमोर शोभा होईल आपली. त्याला आधीच काढा."

"आधी सापडू तर दे."

बाई उठल्या. कपाटाच्या तळाशी हात घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं. लहान मुलाचा लाकडी बूट होता, एकच. त्याला भोक पाडून दोरी ओवलेली.

तांगीनं तो लगेच ओळखला. पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं होतं. पूर्वी शाळेत फक्त फ्रेंच बोलायची सक्ती असे. जे पोर ब्रेटन बोलताना सापडे त्याच्या गळ्यात मास्तर असा बूट अडकवत. मग त्या पोरानं दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं आणि बूट त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल, त्याला मार.

"शाळा पाडली तेव्हा अडगळीत मिळाला," बाई म्हणाल्या.

"पण हा भाषा बोलणाऱ्यासाठी होता. मी न येणाऱ्याला शोधतोय."

"काम तेच."

आणि त्यांनी तो तांगीच्या गळ्यात घातला.

"माझ्या का?"

"पकडणाऱ्याच्या गळ्यात असावा लागतो. नियम आहे."

तांगीला अपमान वाटला. पण संशय अपमानाहून मोठा होता. त्यानं बूट स्वेटरच्या आत ढकलला आणि अंगण ओलांडून तो कोठारात तालमीला गेला.

तासाभरानं परत आला तो जिंकल्यासारखा.

"हेर्वे," तो म्हणाला. "मी सहज ब्रेटनमध्ये म्हटलं, वारा येतोय, खिडकी लाव. तो हसला, 'हो हो' म्हणाला आणि बसून राहिला. मग म्हटलं, तुझं घर जळतंय. तरी हसला... तरी हो म्हणाला."

"आज गाणं कसं झालं?"

तांगीनं स्वेटरवरून बूट चाचपला.

"गाण्याकडे... लक्ष नव्हतं माझं."

"हं."

"आता हा काढू का?"

"काढायचा नसतो. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा असतो. जा, घाल."

तांगी दारापर्यंत गेला. कोठारातून हेर्वेचं हसणं ऐकू येत होतं. त्याला उंबरा ओलांडवेना.

"तुमच्या गळ्यात कधी होता हा?" त्यानं विचारलं.

"एकदा. आठ वर्षांची होते."

"मग?"

"जानेत म्हणून मैत्रीण होती. आम्ही दोघी गायचो. मी ओळ म्हणायचे. ओळीचे शेवटचे दोन शब्द ती माझ्याबरोबर उचलायची आणि तीच ओळ परत म्हणायची. तेवढ्यात मी श्वास घ्यायचे. मग पुढची ओळ माझी."

"आपण गातो तसंच."

"तसंच. त्या दिवशी शाळा सुटायला थोडाच वेळ होता. मी जानेतच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच एक ओळ म्हटली."

तांगीनं बाईंकडे पाहिलं.

"तिनं उचलली?"

"सवयीनं. मास्तर मागेच उभे होते."

"म्हणजे बूट तिच्या गळ्यात?"

"तिला मार बसला. नंतर तिच्या तोंडून ब्रेटन शब्द कुणी ऐकला नाही. लग्न झालं, मुलं झाली. त्यांच्याशी फ्रेंच. नातवाशीही फ्रेंच."

"नातू म्हणजे... हेर्वे?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

तांगीला लाज वाटली. पण मनातला संशय काही पुरता गेला नव्हता.

"म्हणून त्याला घेतलंत? भरपाई म्हणून?"

"तो आपण होऊन आला. दोन वर्षांपूर्वी, इथे दारात. म्हणाला, आजी गेली. शेवटच्या आठवड्यात सारखं काहीतरी म्हणत होती, घरात कुणाला कळलं नाही. मी ऐकून ऐकून पाठ केलंय, हे काय आहे ते सांगा. आणि उभ्या उभ्या म्हणून दाखवलं."

"काय होतं?"

"दोन शब्द, मग एक ओळ. मग ती थांबायची. पुन्हा दोन शब्द, मग दुसरी ओळ. पुन्हा थांबायची. घरच्यांना वाटलं, म्हातारीला पुढचं आठवत नाही."

"आठवत नव्हतं?"

बाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"तिथे माझी ओळ असते."